मागणी मान्य झाली, तरी लोक घरी का गेले नाहीत? (ढाका, काठमांडू, कोलंबो)

भीमथडी | २० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

सोमवारी ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणाने बांगलादेशच्या माजी पंतप्रधान शेख हसीना यांना गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. ती बातमी वाचल्यापासून मला २१ जुलै २०२४ हा एकच दिवस आठवतोय.

त्या रविवारी ढाक्यात संचारबंदी होती. रस्त्यावर लष्कर होतं, इंटरनेट बंद होतं आणि सुप्रीम कोर्टाने सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाचा निकाल दिला. मुक्तिसैनिकांच्या वारसांचा ३० टक्के वाटा ५ वर आला, ९३ टक्के जागा गुणवत्तेवर खुल्या झाल्या. रस्त्यावर उतरलेली विद्यार्थी पोरं जवळपास हेच मागत होती. तरीही बरोबर पंधरा दिवसांनी, ५ ऑगस्टला, पंधरा वर्षं सलग सत्तेत असलेल्या बाईंना देश सोडून भारतात यावं लागलं. मागितलेलं मिळालं होतं, मग पोरं घरी का गेली नाहीत?

थोडं मागे जाऊ. २०१८ मध्ये याच प्रश्नावर विद्यार्थी रस्त्यावर आले होते आणि हसीनांनीच आरक्षण रद्द केलं होतं. ५ जून २०२४ ला हायकोर्टाने ते पुन्हा लागू केलं. त्या निकालाविरुद्ध अपील खुद्द सरकारने केलं होतं! म्हणजे कागदावर सरकार आणि विद्यार्थी एकाच बाजूला होते. 'तुमचं म्हणणं आम्हीच कोर्टात मांडतोय, चार दिवस दम धरा' एवढं कोणी आपुलकीने जाऊन सांगितलं असतं तरी वेगळं घडू शकलं असतं, असं मला मनापासून वाटतं. त्याऐवजी १४ जुलैला पत्रकार परिषदेत पंतप्रधान म्हणाल्या की मुक्तिसैनिकांच्या नातवंडांना नाही द्यायचं तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायचं? १९७१ मध्ये पाकिस्तानी फौजेला साथ देणारे ते रझाकार. बांगलादेशात याहून जिव्हारी लागणारी शिवी नाही. त्याच रात्री ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांतून मुलंमुली बाहेर पडली. 'तुमी के? आमी के? रजाकार, रजाकार!' म्हणजे 'तुम्ही कोण? आम्ही कोण? रझाकार!' शिवीचीच घोषणा झाली.

दुसऱ्या दिवशी सत्ताधारी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेने विद्यापीठात मुलामुलींना झोडपलं. १६ तारखेला रंगपूरला अबू सईद हा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि त्याला गोळ्या घातल्या गेल्या. ते चित्रण देशभर गेलं. १८ ला इंटरनेट बंद. २१ चा निकाल येईपर्यंत शंभराहून अधिक माणसं गेली होती.

माझं म्हणणं इतकंच की सरकार मागणी मान्य करतं तोवर मागणीच बदललेली असते. नोकरीतला वाटा मागणारा पोरगा आता मेलेल्या मित्राचा जाब मागत असतो, आणि सरकार त्याला अजून नोकरीबद्दलच सांगत बसतं.

नेपाळमध्ये यंदा हेच दीड दिवसात झालं. ४ सप्टेंबरला २६ समाजमाध्यमं बंद, ८ ला काठमांडूत संसदेसमोर गोळीबार, एका दिवसात १९ मृत्यू. त्याच रात्री बंदी उठली. पण बंदीबद्दल बोलायला तेव्हा कोण थांबलं होतं? ९ ला पंतप्रधान ओलींचा राजीनामा.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. मला समजून घ्यायचंय.

कोयनाकाठ | २० नोव्हेंबर २०२५, रात्री १०:२५

चांगला विषय काढलात. मी जवळून पाहिलं असं नाही म्हणता येणार, पण एक गोष्ट सांगते.

आमच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोंगरी जिल्ह्यातला आहे. पुण्यात बारा वर्षं झाली. रोज रात्री साडेआठला गेटजवळच्या खुर्चीवर बसून फोन समोर धरून बायको-पोरीशी बोलतो. पोरगी वही कॅमेऱ्यासमोर धरते आणि हा गणितं बघतो. ५ सप्टेंबरला तो माझ्याकडे फोन घेऊन आला, 'दीदी, मेरा व्हाट्सॅप खराब हो गया क्या?' बंदीची बातमी मी वाचली होती, पण त्याला ती माहीतच नव्हती.

ज्या कंपन्यांनी सरकारदरबारी नोंदणी केली नव्हती त्या बंद झाल्या होत्या. व्हायबर आणि टिकटॉक चालू होतं. मग त्याच्या फोनवर व्हायबर टाकून दिलं. पण तिकडे बायकोच्या फोनवर कोण टाकून देणार? दोन दिवसांनी गावातल्या शाळेच्या सरांनी ते करून दिलं तेव्हा कुठे बोलणं झालं.

नेपाळच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा अशा बाहेर राबणाऱ्या माणसांकडून येतो. त्या माणसांची घराशी असलेली एकमेव खिडकी सरकारने बंद केली. कारण काहीही असो, सही करताना त्या दालनात एकालाही हा विचार सुचला नाही? मला त्याचाच राग येतो. मंत्र्यांची मुलं परदेशातल्या सहलींचे आणि महागड्या पिशव्यांचे फोटो टाकत होती, त्यावर तिथली तरुण मुलं आधीच चिडलेली होती. त्यात ही बंदी आली.

जुनी शाळा | २१ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:१०

भीमथडी, मांडणी आवडली, तरी एक बाजू सुटली असं वाटतं. ९ सप्टेंबरला काठमांडूत सिंहदरबार (मंत्रालयांची मुख्य इमारत) जळला, संसद जळली, सर्वोच्च न्यायालय जळलं. न्यायालयातली कागदपत्रं जळली म्हणजे काय होतं? कोणाचा जमिनीचा दावा वीस वर्षं चाललेला असतो, कोणा बाईची पोटगीची फाईल असते. 'कांतिपूर' हे तिथलं मोठं वृत्तपत्र, त्याची इमारतही जाळली. तुरुंगांतून हजारो कैदी पळाले. बांगलादेशात ५ ऑगस्टनंतर हिंदूंची घरं, दुकानं, देवळं फोडली गेली, पोलीस ठाणी जाळून पोलिसांना ठार मारलं. हे सगळं 'आंदोलन' या एका शब्दाखाली झाकायचं का? सरकारने हातावर हात ठेवून बसावं, असं तर तुम्ही म्हणत नाही ना?

मी चौतीस वर्षं शिक्षक होतो. वर्ग हाताबाहेर गेल्यावर पहिला मार बसतो तो कोपऱ्यात गप्प बसलेल्या पोराला, हे मी पाहिलंय.

भीमथडी | २१ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:०५

मास्तर, अजिबात झाकायचं नाही. जळलेल्या घराला घोषणा कोणाची होती त्याने काही फरक पडत नाही. मी लेखात हे लिहायला हवं होतं, माझी चूक.

पण क्रम पाहा. काठमांडूत ८ तारखेला गोळ्या चालल्या, मेलेल्यांत शाळा-कॉलेजच्या गणवेशातली मुलं होती, आणि जाळपोळ ९ ला झाली. ढाक्यात १५ ला मारहाण झाली तेव्हा एकही सरकारी इमारत पेटलेली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने फेब्रुवारीत अहवाल दिला. त्यात त्या दीड महिन्यात १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत आणि त्यांतली १२ ते १३ टक्के मुलं होती, असं म्हटलंय. सरकारने काहीतरी करायलाच हवं होतं हे मान्य. पण त्यांनी जे केलं त्याने घरं वाचली का?

दर्यावर्दी | २१ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:३०

मी २०२१ ते २०२३ कोलंबोत होतो, एका बांधकाम प्रकल्पावर. सविस्तर लिहितो, कारण श्रीलंकेचं नाव शीर्षकात आहे पण लेखात नाही.

मार्च २०२२ मध्ये दिवसाला तेरा-तेरा तास वीज जायची. गॅससाठी लोक रिकामी सिलिंडरं साखळीने एकमेकांना बांधून फूटपाथवर ठेवायचे आणि सावलीत जाऊन बसायचे. सिलिंडर तुमच्या वतीने रांगेत उभा. कागद नाही म्हणून शाळेच्या परीक्षा पुढे ढकलल्या होत्या. पेट्रोलच्या रांगेत म्हातारी माणसं उन्हाने कोसळून मेली. हे एका रात्रीत आलं नव्हतं. २०१९ ला कर कापले, २०२१ ला रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचं पीक गेलं, डॉलर संपले. १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवली.

३१ मार्चच्या रात्री लोक मिरिहानाला राष्ट्राध्यक्ष गोटाबाय राजपक्षे यांच्या घरापुढे जमले. दुसऱ्या दिवशी आणीबाणी. ३ एप्रिलला समाजमाध्यमं बंद. खुद्द मंत्री असलेल्या पुतण्याने त्याला जाहीर विरोध केला आणि पंधरा-सोळा तासांत ती बंदी मागे घ्यावी लागली. ९ एप्रिलपासून गॉल फेसच्या मैदानावर तंबू पडले. 'गोटा गो गामा'. गामा म्हणजे गाव. आणि ते खरंच गाव होतं. मी संध्याकाळी काम संपलं की समुद्राच्या बाजूने चालत तिथे जायचो. एका तंबूत वाचनालय होतं, पुस्तकं लोकांनी घरून आणून दिलेली. स्वयंपाकघर होतं, दवाखाना होता. रमझानमध्ये तिथे रोजा सुटायचा आणि बाजूला बौद्ध भिक्षू बसलेले असायचे. १८ मे ला तिथे कांजी वाटली. २००९ मध्ये संपलेल्या यादवी युद्धाच्या शेवटच्या दिवसांत मुळ्ळिवाइक्काल या गावी अडकलेल्या तमिळांना खायला तेवढंच मिळत होतं, त्याची ती आठवण. सिंहली मुलांनी राजधानीत, समुद्रकाठी, ती कांजी हातात धरली. युद्धाची सव्वीस वर्षं पाहिलेला माझा तमिळ फोरमन त्या दिवशी काही बोलला नाही, नुसता उभा राहिला.

मास्तर म्हणतात तेही तिथे झालं. ९ मे ला पंतप्रधान महिंदा (गोटाबाय यांचे भाऊ) यांचे बसने आणलेले समर्थक त्यांच्या निवासस्थानातून निघाले आणि तंबूंवर चालून गेले. पोलिसांनी वेळेत अडवलं नाही. संध्याकाळपर्यंत चित्र उलटलं. समर्थकांना बेरा तलावात ढकललं, त्यांच्या बसही पाण्यात. एक खासदार मारला गेला, रात्रभर पुढाऱ्यांची घरं जळत होती. महिंदांनी त्याच दिवशी राजीनामा दिला, पण भीमथडी म्हणतात तसंच, तोवर राजीनाम्याने भागणार नव्हतं.

९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरले. तरणतलावातली पोरं सगळ्या जगाने पाहिली. १३ ला गोटाबाय लष्करी विमानाने मालदीवला, तिथून सिंगापूरला.

इथून पुढचं फार कोणी लक्षात ठेवत नाही. संसदेने १३४ मतांनी रनिल विक्रमसिंघे यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडलं. आंदोलकांनी सांगितलं होतं की २२ जुलैला दुपारी २ पर्यंत ताब्यात घेतलेलं राष्ट्राध्यक्षांचं सचिवालय रिकामं करतो. त्याच दिवशी पहाटे अंधारात फौज आली, तंबू उखडले, लोकांना मारलं, पत्रकारांनाही. निघणारच होते ते! मग विद्यार्थी नेत्यांना १९७९ च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली आत टाकलं. आणि त्याच आठवड्यात पेट्रोलसाठी क्यूआर कोड आला. मोटारसायकलला आठवड्याला ४ लिटर, रिक्षाला ५, मोटारीला २०. रांगा विरल्या आणि त्याबरोबर गर्दीही. एका हाताने लाठी आणि दुसऱ्या हाताने चार लिटर पेट्रोल. लोक थकले होते, त्यांनी ते घेतलं. मीही घेतलं.

मीरा_वाळवंट | २१ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ६:५०

दर्यावर्दी दादा, कांजीचा प्रसंग वाचून गलबलून आलं.

सीमेपलीकडचं एक उदाहरण. मी दुबईत राहते. जुलै २०२४ मध्ये ढाक्यात इंटरनेट बंद होतं तेव्हा इथल्या बांगलादेशी कामगारांना घरच्यांची काहीच खबर नव्हती. त्यांतले काही जण अमिरातीतल्या रस्त्यांवर उतरले, आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध घोषणा दिल्या. झटपट खटला चालला. ५७ जणांना शिक्षा झाली, तिघांना जन्मठेप, ५३ जणांना १० वर्षं, एकाला ११. दोन-तीन दिवसांत सगळं. सप्टेंबरमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या हंगामी सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस यांच्या विनंतीनंतर अमिरातीच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली आणि त्यांना मायदेशी पाठवलं.

मी ज्या कार्यालयात काम करते तिथे चहा देणारा मुलगा चट्टग्रामचा. त्या आठवड्यात तो रोज दुपारी लिफ्टजवळच्या कोपऱ्यात उभा राहून घरचा नंबर लावायचा. आमच्यापैकी कोणी मोठ्याने काही विचारत नव्हतं आणि तोही सांगत नव्हता. हिंदी-मराठीत हळू बोलायचो. इथे येणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं की मोर्चा ही गोष्ट आपल्यासाठी नाही, तरी ते ५७ जण गेले. त्यांच्या घरी काय बातमी पोहोचली असेल, या विचाराने मला तेव्हा झोप लागत नव्हती.

रानजाई | २१ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१५

धाग्यातल्या मूळ मुद्द्याला थोडा छेद देते. चीनमध्ये लोक मागणी मान्य झाल्यावर घरी गेले.

२४ नोव्हेंबर २०२२ ला उरुमचीत एका इमारतीला आग लागून १० जण गेले. कोविडच्या कडक टाळेबंदीमुळे त्यांना बाहेर पडता आलं नाही, असं लोकांनी धरलं. शांघायमध्ये उरुमचीच्या नावाचा एक रस्ता आहे, तिथे माणसं मेणबत्त्या आणि कोरे कागद घेऊन उभी राहिली. कागदावर काही लिहिलं तर गुन्हा, म्हणून कोरा. दोनच दिवसांत त्या रस्त्याच्या नावाची पाटीच काढून नेली. पोलीस लोकांचे फोन तपासायला लागले. आणि ७ डिसेंबरला बहुतेक निर्बंध उठले!

सरकारने 'तुमचं ऐकलं' असं एकदाही म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यांत ज्या मुली मेणबत्ती घेऊन उभ्या होत्या त्यांतल्या काहींना घरून नेलं, महिनोन् महिने आत ठेवलं. मागणी दिली आणि मागणारे नेले. दर्यावर्दींनी सांगितलेल्या कोलंबोच्या पहाटेला हे फार जवळचं आहे. केनियाचंही पाहा. कराच्या विधेयकावरून २५ जून २०२४ ला नैरोबीत संसदेत लोक घुसले, गोळ्या चालल्या, दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रूटो म्हणाले सही करणार नाही. त्यानंतर तरुण कार्यकर्ते रस्त्यातून, घरातून गायब व्हायला लागले. यंदा वर्षश्राद्धाला लोक पुन्हा उतरले आणि पुन्हा माणसं मेली.

मला वाटतं, लोक मागणीकडे नंतर बघतात. सरकार आपल्याला माणूस समजतंय का, हे आधी बघतात.

जुनी शाळा | २२ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६:४५

रानजाई ताई, तुमच्या शेवटच्या ओळीवर रात्रभर विचार केला. काल मी जरा फटकळ लिहिलं, पण माझ्याकडेही सांगण्यासारखं आहे.

मार्च २०१८. नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी पायी मुंबईला आले, १८० किलोमीटर. ११ तारखेच्या रात्री ते शीवच्या सोमय्या मैदानावर होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. पोरांना त्रास नको म्हणून त्यांनी मध्यरात्रीनंतर उठून आझाद मैदान गाठायचं ठरवलं. दिवसभर चाललेली माणसं! मी आणि माझे दोन माजी विद्यार्थी पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं घेऊन रस्त्याकडेला उभे होतो. एक आजीबाई थांबल्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय फडक्याने बांधलेला, फडकं रक्ताने भिजलेलं. मी खाली बसून पाणी ओतलं तर म्हणाल्या, 'राहू द्या गुरुजी, प्यायला द्या.' मी शिक्षक आहे हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

सकाळी पोरं वेळेवर परीक्षेला गेली. त्याच दिवशी सरकारने चर्चा केली, मागण्या लेखी मान्य केल्या, लोकांना परत जायला रेल्वेगाड्या दिल्या. एक दगड पडला नाही, एक गोळी सुटली नाही. तेव्हा मला वाटलं होतं, हे असं होऊ शकतं.

कोयनाकाठ | २२ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:२०

काका, खरंय. पण तीच माणसं २०१९ ला पुन्हा निघाली, २०२३ ला पुन्हा निघाली. वनजमिनीचे दावे, तेच कागद, तेच पाय. २०२३ ला वासिंदला थांबलेल्यांपैकी एक शेतकरी वारला. लेखी आश्वासनाला गोळीसारखा आवाज नसतो, म्हणून ते मोडलेलं आपल्याला ऐकू येत नाही.

जुनी शाळा | २२ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:५०

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या रात्रीशी मी ते कधी जोडून पाहिलं नाही. ती आजी पुन्हा चालली असेल का?

भीमथडी | २२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:३०

सगळ्यांचं वाचून माझं म्हणणं थोडं बदलतोय. मी वेळेबद्दल बोलत होतो, सवलत लवकर दिली की नाही याबद्दल. पण चीनने लवकर दिली, रूटोंनी एका दिवसात दिली, नाशिकच्या मोर्चाला त्याच दिवशी कागद मिळाला. तरी हिशोब राहिलाच. आता मला दोन गोष्टी पाहाव्याशा वाटतात: दिलेला शब्द पुढच्या वर्षी कोण तपासतं, आणि गोळी कोणाच्या हुकमाने सुटली हे सरकार स्वतःहून सांगतं का.

ढाक्यात तो हुकूम कोणाचा होता हे सोमवारी एका न्यायाधिकरणाने सांगितलं. पण ते न्यायाधिकरण २०१० मध्ये हसीनांनीच १९७१ च्या गुन्ह्यांसाठी स्थापन केलेलं, तेव्हाही त्याच्या निष्पक्षतेवर बोट ठेवलं जायचं. आरोपी भारतात आहे, शिक्षा फाशीची आहे. मला अबू सईदच्या आईवडिलांना न्याय हवा आहे, आणि हा निकाल वाचून मनाला स्वस्थता आली नाही, हेही खरं आहे. श्रीलंकेत नोव्हेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने आर्थिक संकटाला राजपक्षे बंधू आणि इतर काही जण जबाबदार आहेत असं म्हटलं. कोणाला तुरुंग नाही, मोठी भरपाई नाही, पण नावं घेऊन लिहिलं. दर्यावर्दी, तिथल्या लोकांना त्याचं काही वाटलं का?

दर्यावर्दी | २२ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१०

माझ्या फोरमनने त्या दिवशी निकालाच्या बातमीचा फोटो पाठवला होता. खाली एक ओळ: 'सर, मुळ्ळिवाइक्कालचं पण कोणीतरी असं लिहील का?' मी अजून उत्तर दिलेलं नाही.

कोयनाकाठ | २३ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:००

आमच्या वॉचमनने काल मार्चमध्ये पंधरा दिवसांची रजा मागितली. ओलींनंतर आलेल्या सुशीला कार्कींच्या अंतरिम सरकारने ५ मार्चला निवडणूक ठरवली आहे आणि परदेशातून मत देता येत नाही, गावीच जावं लागतं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बस, मग चढण. येऊन-जाऊन सात-आठ दिवस प्रवासातच. मी विचारलं, एवढं जाऊन मत कोणाला देणार? म्हणाला, 'वो तो वहां जाके देखूंगा. लेकिन देने तो जाऊंगा.'

येत्या रविवारी कमिटीच्या बैठकीत त्याच्या रजेचा विषय आहे. बदली माणूस मिळाला नाही तर रात्रीच्या पाळ्या आम्हीच वाटून घ्याव्यात, असं मी मांडणार आहे.